डोंगर सारवणारी

आम्ही बायका घर सारवतो, गजराआत्या डोंगर सारवायच्या. पावसाच्या आधी शेण-मातीचं घमेलं डोक्यावर घेऊन त्या वाडीमागच्या कड्यात चढत. अर्ध्या चढावर एक कपार होती, तिथे पाऊस लागत नसे. आतल्या खडकात एक उभी भेग होती, दोन बोटं मावतील एवढी. ती त्या वरपासून खालपर्यंत लिंपून घेत. मग पावसाळाभर दर सोमवारी वर जात, नुसतं बघत आणि खाली येत.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी मी लग्न होऊन मुळशीतल्या या वाडीत आले. गजराआत्या माझ्या नवऱ्याच्या आत्या, विधवा होऊन भावाकडे परतलेल्या. त्यांचे मालक घाटरस्त्याच्या कामावर होते आणि तिथेच दरडीखाली गेले. त्या दुःखाने बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, डोंगराला काही नवस बोलली आहे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. शेजारच्या शेवंताबाईंचं घर कड्याच्या अगदी पायाशी. त्या पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "वन्सं, डोंगराला पोतेरं झालं, आता रांगोळी तेवढी ऱ्हायली!" बायका हसत. मीही पदराआड हसले आहे.

आत्या चिडत नसत. "हास शेवंते, हास. डोंगर मानसावानी मनात ठेवत न्हाई. आदी सांगतो, मंग येतो."

माझ्या लग्नाआधी एका पावसाळ्यात त्यांनी कड्याखालची तीन घरं ओरडून ओरडून रिकामी केली होती. माणसं चार दिवस गुरंढोरं घेऊन शाळेत राहिली. आले ते दोन-चार धोंडे, तेही ओढ्यात. तेव्हापासून 'म्हातारीच्या अंगात येतं' एवढंच लोक म्हणत आणि आत्यांनी समजावून सांगणं सोडून दिलं. मी तर तोंड वर करून काही विचारणारी नव्हते. घरात मला मुकीच म्हणत.

तरी ओढ्यावर जाताना त्या मला थांबवत. "ह्या धोंड्याला शेवाळ हाय, ह्यो जुना. ह्यो बग, कोरा हाय. काल-परवा आलाय." कोणी उन्हं पडली म्हणून कड्याखाली वाळवण घातलं तर त्या रागावत. "आपलं आंग वाळलं गं. डोंगर अजून पानी पितोय."

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गौरी दोन-तीन दिवसांवर आल्या होत्या आणि आत्या तापाने पडल्या. सोमवार होता. त्या म्हणाल्या, "पोरी, तेवढं वर जाऊन सारवन बगून ये."

मी गेले. सारवण वरपासून खालपर्यंत दुभंगलं होतं. माझं बोट आत गेलं. मला वाटलं, आत्या अंथरुणावर, आणि त्यांच्या नवसाचं सारवण ऐन गौरीत असं फुटकं. सकाळीच मी आमच्या घरातल्या भुईच्या भेगा बुजवून आले होते. फुटकी भुई दिसली की बाईचा हात थांबत नाही. उतारावरचं शेण गोळा केलं, तांबडी माती घेतली, खडकातून ठिबकणाऱ्या पाण्यात कालवली आणि भेग लिंपून टाकली. मी डावखुरी. माझ्या सारवणाची बोटं उलटी फिरतात म्हणून सासूबाई नेहमी बोलत. त्या दिवशी मात्र मला ती फार चांगली उमटल्यासारखी वाटली.

खाली आले तशा आत्या कोपरावर उठल्या. "कसं हाय?"

"चांगलं हाय."

"कुटं फुटलंय का?"

"न्हाई," मी म्हणाले. मी लिंपलं, हे सांगायला लाजले. केलेलं काम बोलून दाखवायची सवयच नव्हती.

"मंग बरं," म्हणून त्या कुशीवर वळल्या.

बुधवारी लख्ख ऊन पडलं. दुपारी कड्याची एक आख्खी बाजू सुटून खाली आली. बाकीच्या दोन घरांतली माणसं रानात होती. शेवंताबाई गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होत्या. त्या दुसऱ्या दिवशी सापडल्या.

अंगात ताप असतानाच आत्या वर जाऊन आल्या. खडकाच्या उरलेल्या भागावर माझ्या सारवणाची अर्धी बोटं तशीच होती. त्या चुलीपाशी माझ्याजवळ बसल्या. माझा डावा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग हळू बोलल्या, "घाटात सायेब भेगंवर शिमिटाचा पट्टा वढायचा. पट्टा तडाकला की समजायचं डोंगर सरकला, मानसं हटवायची. माझ्या मालकांनी शिकवलं मला. येक दिस पट्टा तडाकला, तरी मुकादमानं काम थांबवलं न्हाई. त्यात ते गेले. मी शिमिट कुटनं आनू? शेन लावलं."

मला रडताही येईना. त्या म्हणाल्या, "कुनाला सांगू नगस. तुला अजून हितं नांदायचंय."

मला हायसं वाटलं. ते खरं आहे.

सरकारी माणसं पंचनाम्याला आली तेव्हा शेवंताबाईंचे मालक सगळ्यांसमोर ओरडले, "ह्या बयेनंच भेगंत शेन कोंबून कोंबून कडा फोडला!" गावाने माना डोलावल्या. ज्यांना आत्यांनी एकदा शाळेत नेऊन बसवलं होतं, त्यांनीही. मी दाराआड उभी होते. आत्यांनी पदर पुढे ओढला. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. दसऱ्याच्या आत सासऱ्यांनी त्यांना उरवड्याला लांबच्या भाचीकडे पोचवलं. घमेलं इथेच राहिलं. त्याला नंतर घरात कोणी हात लावला नाही, मीसुद्धा नाही.

दोन वर्षांनी आत्यांचं जास्त झाल्याचा निरोप आला, म्हणून मी उरवड्याला गेले. माणसं ओळखण्यापलीकडे त्या गेल्या होत्या. मला मात्र बघितलं आणि विचारलं, "वर जाऊन आलीस? कसं हाय?"

मी म्हणाले, "फुटलंय आत्या. बोट जातंय आत."

त्या उठू लागल्या. "मंग बसलीस काय? बायांना भाईर काढ. पोरं, म्हसरं, समदी शाळंत घाल."

"काढलं आत्या. समदी आली."

"शेवंती आली? ती ऐकायची न्हाई. तिला वढून आन."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "ती बी आली."

"मंग बरं," म्हणून त्या कुशीवर वळल्या. दोन्ही वेळा त्यांनी माझंच खरं मानलं.