आत्याच्या हातून पडलेला टॅब

"आत्यांकडे नको हं बाळ. त्यांच्या हातून टॅब पडला होता ना."

हे वहिनीची आई म्हणाली. हळूच, शेजारच्या बाईला. पण मी पाळण्याला लागूनच उभी होते, मला ऐकू आलं. माझ्या भावाच्या मुलीचं बारसं होतं, नाशिक रोडला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. बाळाची आत्या म्हणून कानात नाव मी सांगणार होते. त्याआधी बाळ पाळण्याच्या वरून, खालून बायकांच्या हातांतून फिरत होतं आणि आता पाळी माझ्या आत्याची होती. ती खुर्चीत बसली होती. डाव्या हाताने तिने मांडीवर पदर पसरून, सारखा करून ठेवला होता.

पुढे काय झालं ते सांगते. पण त्याआधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला — नाही, तेही कारण नको.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पंचवटीत एका खोलीत तिने आयुष्यभर ब्लाउज शिवले. माझं नाव माझ्या कानात पहिल्यांदा सांगितलं ते तिनेच. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, शब्द तेवढे येत नाहीत. आम्ही तिला आमच्याकडे घेऊन आलो.

उपचार करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, टॅबवर चित्रं लावा, चित्रावर बोट ठेवलं की टॅब वाक्य बोलेल. भावाने टॅब आणला. बाकी सगळं मी केलं. वाक्यं माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली — मी, जी शाळेत हजेरीला 'प्रेझेंट मिस' म्हणायची तेसुद्धा पुढच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. माझं इंग्लिश मीडियमचं मराठी ऐकून आत्या हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. 'पाणी दे.' 'पाठ दुखतेय.' 'सानू, इकडे ये.' आणि एक वाक्य तिने हातवारे करकरून माझ्याकडून करवून घेतलं — 'पुरे झालं तुझं, गप्प बस.' ते खास बाबांसाठी होतं. बाबा बातम्या बघता बघता भाषण देऊ लागले की आतल्या खोलीतून माझा आवाज यायचा, पुरे झालं तुझं, गप्प बस.

"वाचा गेली, पण हिची दादागिरी काही जात नाही," बाबा म्हणायचे. आणि टीव्ही बारीक करायचे.

तो टॅब मी रूट केला होता. म्हणजे कंपनीने आत लावलेली कुलपं काढून तो पूर्ण आपल्या ताब्यात घेतला होता — सुरू केला की थेट चित्रंच दिसावीत, आत्याचं थरथरतं बोट कुठेही लागलं तरी ती जागची हलू नयेत, म्हणून. बाबांनी बजावलं होतं, भलते उद्योग करू नकोस, बिघडवून ठेवशील. मी केलं आणि जमलं. घरी येईल त्याला भाऊ सांगायचा, हे सगळं सानूचं डोकं. मला ते किती आवडायचं! मी मान खाली घालायची, पण ऐकत राहायची.

रूट केलेल्या टॅबवर कंपनीचं अपडेट सरळ टाकायचं नसतं. आधी मूळ सिस्टीम परत बसवायची, आतलं सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवायचं, मग अपडेट. हे मला माहीत नव्हतं का? पक्कं माहीत होतं. पण अपडेटची सूचना सारखी वर यायची आणि चित्रांची पहिली ओळ झाकून टाकायची. त्या दुपारी आत्या मला बोलावत राहिली. सानू, इकडे ये. सानू, इकडे ये. माझ्याच आवाजात. माझं ऑफिसचं काम घरून चालू होतं, मीटिंग सुरू व्हायची होती. मी वैतागून गेले आणि तिच्यासमोरच 'इन्स्टॉल' दाबलं. काय होणार आहे — असंच काहीतरी मनात म्हटलं असेल.

टॅब बंद झाला. कंपनीचं नाव आलं. गेलं. परत आलं. मीटिंग संपली तरी तेच. मग लॅपटॉप जोडून खटपट केली, आणि शेवटी एकच पर्याय उरला — आतलं सगळं पुसून टाकण्याचा. तो दाबला. सगळी वाक्यं गेली. टॅब तरीही सुरू झाला नाही. आत्या पलंगावरून बघत होती.

संध्याकाळी खाली भावाच्या गाडीचा आवाज आला.

इथे येऊन हात अडतो. मी टॅब उचलला, पलंगाच्या कडेशी धरला — आणि सोडला. तो कोपऱ्यावर आदळला, काच तडकली. भाऊ आत आला तेव्हा मी म्हणाले, आत्याच्या हातून पडला. तिच्यासमोर म्हणाले.

तिने घशातून आवाज काढला. डाव्या हाताचं बोट माझ्याकडे रोखलं. परत रोखलं. आईला वाटलं, ती माझी माफी मागतेय.

"असू द्या वन्सं," तिचा हात खाली घेत आई म्हणाली, "सानू नाही रागवायची तुमच्यावर."

आणि मी काय केलं? मान हलवली. नाही रागावले, अशी.

नवा टॅब घ्यायचं निघालं तेव्हा भाऊ म्हणाला, परत पाडेल. टॅबऐवजी मी पलंगाला एक घंटी बांधली, ती आत्या वाजवत नाही. मग एकेक गोष्ट तिच्या हातातून जात राहिली. काचेचा कप गेला, स्टीलचा पेला आला. एका हाताने ती वाटाणे सोलायची, द्राक्षांचे मणी घडापासून सोडवायची. सांडेल म्हणून आईने तेही बंद केलं. बाबा हल्ली बातम्या बघताना मध्येच थांबतात, आतल्या खोलीकडे कान देतात, आणि पुन्हा बोलू लागतात.

तिच्या हातून कधीच काही पडलं नव्हतं. मला कुणी सरळ विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं — असं मी स्वतःला समजावत आले.

बारशात विचारलं.

वहिनीची आई जे म्हणाली ते वहिनीनेही ऐकलं. बाळ तेव्हा आत्याच्या अगदी शेजारच्या बाईकडे होतं. त्या बाईचे हात थांबले. वहिनीला ते बरं वाटलं नसावं, कारण ती सगळ्यांदेखत माझ्याकडे वळली. "सानू, तू होतीस ना गं तेव्हा? खरंच आत्यांच्या हातून पडला होता का? द्यायचं ना त्यांना बाळ?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चित्रावर बोट ठेवल्यावर आवाज यायला जरा वेळ लागायचा, तेव्हा ती टॅबकडे बघायची ना — तशी. पदरावरचा हात तसाच होता.

मी मोठ्याने बोलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी हॉलच्या दारापर्यंत ऐकू गेलं.

"हो, आत्याच्याच हातून पडला," मी म्हणाले. "बाळ माझ्याकडे दे."