सात नंबरच्या प्रेसची टकटक

"दत्ता, डावा हात खाली ठेव." मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"ठिवलाय की मॅडम."

ठेवला कुठला! उजव्या हाताची थाप ढोलकवर पडली आणि लगेच डाव्या हातानं कडेला टक-टक केलं. त्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. उरलेल्या खुंटांनी वाजायचं, हलकं, कोरडं. विचारलं तर म्हणायचा, "मी कुठं वाजवायलोय?" खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी म्युझिक थेरपिस्ट. भोसरीतल्या एका सेंटरवर कारखान्यात जखमी झालेल्यांचे ग्रुप घेते. गाणं शिकवत नाही. धक्का बसलेल्या माणसाला बोलता येत नसेल तर त्याला वाजवायला, गुणगुणायला, रंगवायला लावते. आतलं बाहेर आलं की माणूस हळूहळू पुन्हा उभा राहतो. माझी सासू याला 'पगारी टाळ्या' म्हणते.

दत्ता बीडकडचा. चाकणजवळच्या एका कंपनीत सात नंबरच्या पॉवर प्रेसवर होता. हे पत्रा कापायचं मशीन. पायानं पेडल दाबलं की वरचा जड रॅम खाली येतो, एकदाच. दत्ताचा हात आत असताना तो दुसऱ्यांदा आला. कंपनीनं रिपोर्टात लिहिलं, ऑपरेटरनं चुकून पुन्हा पेडल दाबलं. दत्तानंही ते मान्य केलं होतं. "पाय माझाच आसंल," एवढंच म्हणायचा. घरी लहान मुलगी होती, तिला उचलून घेत नव्हता. स्वतःच्या हातापायांवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

ती टकटक म्हणजे धक्क्याची खूण, ती घालवायची, असं मी ठरवून टाकलं. सहा आठवडे त्याला संथ ताल दिला, डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावला. मोठी शहाणी ना मी!

मग गुरुवारच्या बायकांच्या ग्रुपमध्ये संगीता आली. चाकणजवळच्याच गावातली. हात थरथरतो, झोप लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली. मी म्हटलं, "डोक्यात जे वाजतंय ते टेबलावर वाजव."

तिनं एक थाप मारली. थांबली. मग दोन बोटांनी टक-टक. तेच अंतर, तोच कोरडा आवाज. आणि हात झटकन मागे.

दत्ता मंगळवारी यायचा. या दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"हे कुठून आलं गं?"

ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "सात नंबरवर हाय मी. आधीच्या मान्साची बोटं त्यात गेली, ताई. ती आतनं वाजत्यात. समद्यांनी ऐकलंय. लिंबू बांधलं, नारळ फोडला. थांबत न्हाई."

"वाजल्यावर काय होतं?"

"कधी कधी रॅम येतो. पेडल न दाबता. वाजलं की मी हात काढून घेते."

"अगं, मग सुपरवायझरला सांगायचं ना!"

"भूत हाय म्हनून सांगू व्हय? हसत्याल. उद्या फस्ट शिफ्ट हाय माझी."

हे कंपनीला सांगायला तिची परवानगी घेतली. दत्ताला फोन करून त्याचीही घेतली. मग कंपनीच्या एचआरला गाठलं.

"मॅडम, भुतासाठी प्रॉडक्शन थांबवू?"

"भूत राहू द्या. मशीन तपासा. आणि तपासताना दत्ताला तिथं उभं करा, तो आवाज त्याच्या हाताला पाठ आहे."

"तुम्ही आपली गाणी घ्या ना."

"घेते. पण उद्या त्या बाईचा हात गेला तर, आज मी तुम्हाला सांगितलंय. मेल टाकलाय, बघा."

मेल म्हटल्यावर साहेब मऊ झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टच्या आधी मशीन रिकामं चालवलं. मेंटेनन्सवाला एकदा पेडल दाबायचा आणि लांब सरकायचा. रॅम एकदा खाली यायचा, वर जाऊन थांबायचा. वीस वेळा झालं, पंचवीस वेळा झालं. एचआर घड्याळ बघायला लागले. संगीता माझा दंड घट्ट धरून उभी होती. दत्ता मशीनकडे पाठ करून उभा होता. त्याला बघवत नव्हतं.

पुन्हा एकदा रॅम वर गेला. पेडलजवळ कोणी नव्हतं. दत्ताचा डावा हात पँटवर हलला. टक-टक.

"आता," दत्ता म्हणाला.

आणि रॅम धाडकन खाली आला.

दत्ताची खुंटं आधी वाजली की मशीन, हे मला आजही सांगता येणार नाही. संगीता म्हणते, दोन्ही एकदमच वाजलं.

रॅमला वर अडवून धरणारा क्लच उघडला. आतला एक तुकडा झिजला होता. तो घसरण्याआधी दोनदा ठेचकाळायचा, टक-टक, मग रॅम सुटायचा. मेंटेनन्सवाल्यानं तो तुकडा दत्ताच्या तळहातावर ठेवला.

"म्हंजे पाय माझा नव्हता," दत्ता म्हणाला. मग तिथंच फरशीवर बसून सगळ्यांदेखत मोठ्यानं रडला. मलाही आवरलं नाही.

प्रेस बंद झाली. रिपोर्टातली ओळ बदलून घ्यायला आणखी दोन मीटिंग लागल्या, पण बदलली. माझ्या फाइलीत मी त्याच दिवशी लिहिलं: क्लाएंटचा ताल पहिल्यापासून बरोबर होता. थेरपिस्ट सहा आठवडे तो पुसत बसली, आणि त्या सहा आठवड्यांत संगीताचा हात रोज त्या रॅमखाली जात होता.