राबाची ठिणगी
भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजल्याचा वास आला की औंढ्यातली ती सकाळ आठवते. मी नोकरीचं काम घरूनच करायचो आणि रेंजसाठी शेजारच्या आबांच्या बांधावर लॅपटॉप घेऊन बसायचो. आबा सगळ्यांना सांगायचे, "हल्लीच्या पोरांना काम न्हाई, नुसते नाद." त्या दिवशी वारा फिरला आणि त्यांच्याच राबाची ठिणगी पेंढ्याच्या गंजीवर पडली. मी धावलो, ओल्या फांदीनं झोडपून आग विझवली. बैलांची वैरण वाचली. धापा टाकत आलेल्या आबांनी माझा पोळलेला हात धरला, नाकाशी नेऊन हुंगला आणि विचारलं, "शिग्रेट वढत व्हतास न्हवं?" मी म्हणालो, "नाही आबा, ठिणगी तुमच्या राबातून उडाली." "तुमी पोरं कवा खरं बोलता?" हातावरचे फोड केव्हाच बरे झाले. अजूनही मी दिसलो की आबांची नजर आधी माझ्या खिशाकडं जाते.