जांगडवर आणलेले दोन रेडिओ

रेडिओ निवडण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात तेव्हा कोणी नव्हतं. ही बढाई नाही. आमच्या घरात रेडिओच नव्हता. मी मात्र धुळ्याला मास्तरकीचं शिक्षण घेताना वसतिगृहाच्या बाईंचा रेडिओ सांभाळला होता. त्याची सुई कुठे अडते, एरियल कुठल्या खिडकीकडे वळवली की खरखर कमी होते, हे बाईंपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला नोकरी सोडायला सांगितली तेव्हा मी सरळ रेडिओवर पैज लावली.

साठीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमचं गाव शहादा तालुक्यात, कळसाडीच्या बाजूला, कापसाचं आणि उसाचं. आई जाऊन दोन वर्षं झालेली, भाऊ बडोद्याला गिरणीत, आणि मी तळोद्याच्या वर सातपुड्यातल्या एका पाड्यावर शाळेत शिकवायला. घरी आबा आणि त्यांची बैलजोडी. दिवाळीच्या सुट्टीत मी आले आणि पहिल्याच जेवणाला आबांनी विषय काढला.

"तठे तुन्हासंगे बोलाले कोन शे?"

"पोरे शेतस ना आबा. आख्खा पाडा शे."

"त्या त्यासनी भाषामा बोलतस. आपलं मानूस एक बी नही."

पाड्यावर पावरी बोलत आणि ती मला आता बरीच कळायला लागली होती. पण आबांना ते सांगून काही उपयोग नव्हता. मी चिडून म्हणाले, "मी रेडिओ लिसू. तो बोली मन्हासंगे, रोज."

आबांनी शब्द झेलला. "बोलना तर ऱ्हाय. नही बोलना तर गाठोडं बांध नि घर चाल. मी सोता येसू पाहाले."

मी हो म्हणाले. त्या पाड्यावर मी कुणाची लेक नव्हते, कुणाची होऊ घातलेली सूनही नव्हते. मी बाई होते, शाळेची बाई, आणि ते मला फार आवडत होतं. ती शाळा मी सुखासुखी सोडणार नव्हते.

शहाद्याला एसटी स्टँडच्या जवळ एक दुकान होतं. शिलाई मशिनं, घड्याळं आणि एका फळीवर रेडिओ. मला हवा तो मी दोन मिनिटांत हेरला: जेवणाच्या डब्याएवढा, चामड्याच्या पिशवीतला. शॉर्टवेव्हचे दोन पट्टे होते, आणि डोंगराच्या आड मीडियम वेव्हच्या नादी लागण्यात काही राम नव्हता. बॅटरीचे साधे सेल चालत, ते तळोद्याच्या बाजारातही मिळत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बटण फिरवलं की सुई लगेच हलत होती. शॉर्टवेव्हवर स्टेशनं एकमेकांना चिकटून बसलेली असतात. तिथे ढिली सुई म्हणजे नुसता मनस्ताप.

आबांना यातलं काही नको होतं. त्यांनी एक दांडगा, मूठ असलेला, निकेलच्या पट्ट्यांचा रेडिओ उचलला, वजन जोखलं, उलटा करून पोट पाहिलं, पाठीवर थाप मारली. दात तेवढे बघायचे राहिले. "हाऊ!" ते म्हणाले, म्हणजे हाच. माझ्या रेडिओकडे बघून त्यांनी फक्त "वासरू" म्हटलं.

दोघंही हटेनात तेव्हा शेठनेच तोड काढली. "दोन्ही जांगडवर न्या." आमच्याकडे ही जुनी रीत: माल घरी न्यायचा, वापरून बघायचा, पसंत पडेल तो ठेवायचा आणि उरलेला परत करायचा. आबांनी उपरणं काढलं, शेठचा हात त्याखाली घेतला आणि बैलबाजारात करतात तसा बोटं दाबून दोन्हींचा भाव ठरवला. शेठ हसत होता, पण बोटं त्यालाही कळत होती. मला शेवटपर्यंत भाव कळला नाही.

सुट्टी संपली तशी एसटीने तळोदा, तिथून जीप आणि पुढे पायवाट. माझा रेडिओ माझ्या खांद्याला आणि आबांचा त्यांच्या डोक्यावर. खोलीवर पोचलो तेव्हा ऊन मध्यावर आलं होतं. पाणीसुद्धा न पिता आबा म्हणाले, "लाव."

मला हसू आलं आणि धास्तीही वाटली. बैल पारखायचा तर भर दुपारी, ओझं घालून. सकाळच्या गारव्यात कुठलंही जनावर चालतं, असा त्यांचा जन्मभराचा हिशेब. तोच त्यांनी रेडिओला लावला होता. मी दोन्ही सुरू केले. दोन्हींतून तेल तापल्यासारखा नुसता सूं आवाज. आबांनी अंगणात फिरवून पाहिलं, शाळेच्या ओट्यावर ठेवून पाहिलं. सूं.

"दोन्ही बसनात," ओझ्याखाली बसकण मारलेल्या बैलांबद्दल बोलावं तसं ते म्हणाले. "चाल, गाठोडं बांध."

"हाऊ बैल नही आबा, हाई घुबड शे. दिवस बुडना का मंग जागी."

मी हे ठणकावून सांगितलं, कारण ते खरं होतं. ज्या पट्ट्यावर संध्याकाळचं मराठी लागतं तो भर उन्हात मुका असतो, हे मी धुळ्याला रोज पाहिलेलं. पण धुळ्याला चारी बाजूंनी डोंगर नव्हते. आबा ओट्यावर बसून माझ्या ट्रंकेकडे बघत होते.

ऊन कललं तशी मी तांब्याची तार काढली. एक टोक एरियलला गुंडाळलं, दुसऱ्याला दगड बांधला आणि समोरच्या मोहाच्या फांदीवर फेकू लागले. दगड काही केल्या फांदीपर्यंत जाईना. आबांनी थोडा वेळ पाहिलं आणि मग त्यांना राहवलं नाही. ज्या तारेने त्यांची पैज बुडणार होती ती त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतली आणि एका फेकीत शेंड्याजवळ अडकवली. "फेकता बी येस नही," असं वर ऐकवलं. चुकीचं काम त्यांना डोळ्यांसमोर बघवत नसे, मग ते कुणाच्याही फायद्याचं असो.

दिवे लागले. मी छोट्याची सुई केसाएवढी सरकवत गेले. शिट्टी, मग कुठलंसं परकं बोलणं, मग पुन्हा शिट्टी. आणि एकदम, शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तशा, मराठीत सातच्या बातम्या. मी ओरडलेच. शेजारीण भाकरी टाकून पळत आली, तिच्यामागे पाच-सहा पोरं. मी तार काढून आबांच्या दांडग्याला लावली, तर तोही बोलायला लागला. आवाज मोठा, पण सुई हलायला आळशी. हे मी त्यांना ऐकवलंच.

आबा बातम्या संपेपर्यंत ऐकत राहिले. मग विचारलं, "रोज याच टाइमले ऐकस का?"

"रोज."

मग त्यांनी एक अजब गोष्ट केली. टपालाच्या तिकिटांच्या कडेची गोंदाची पट्टी माझ्याकडून मागून घेतली आणि दांडग्याच्या काचेवर, सुई होती तिथे चिकटवली. तिच्यावर माझ्या लाल शाईची रेघ मारायला लावली.

"पन हाऊ तर परत देवाना शे," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. शेठले समजी कठे लागस ते."

सकाळी ते दांडगा डोक्यावर घेऊन उतरले. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी जिंकले होते, आणि खुशाल मिरवत होते. पाड्यावर आल्या-गेल्याला रेडिओ ऐकवायचा आणि तो आपण कसा निवडला ते सांगायचं, हा माझा उद्योगच झाला.

होळीच्या सुट्टीत घरी गेले. दांडगा रेडिओ कोनाड्यात होता. काचेवर पट्टी, पट्टीवर लाल रेघ. एरियलपासून निघालेली तार गोठ्याच्या आढ्यावरून निंबावर गेली होती.

"आबा, हाऊ परत नही दिना?"

"एकदाव गोठामा बांधं, मंग कोन परत देस?" एवढं बोलून ते बैलांना चारा टाकायला गेले.

संध्याकाळी मी चुलीपाशी बसून शाळेच्या गमती सांगत होते. आबा हुंकार देत होते. एवढ्यात सातच्या बातम्यांची वेळ झाली तसे ते सवयीने उठले, कोनाड्याशी गेले आणि बटण फिरवलं. माझं बोलणं चालूच होतं. त्यांनी पाठमोऱ्यानेच हात वर केला.

"उगी ऱ्हाय जरासा," ते म्हणाले. "मन्ही पोर ऐकी ऱ्हायनी व्हई."