शिंप्याच्या लेकीचं शेवटचं वर्ष

शिंप्याच्या थोरल्या लेकीला घरात भोंगा म्हणत. पाळण्यात होती तेव्हापासून तिचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा. पुढे शब्द फुटले, आणि मग काय, तोंडाचा पट्टा सुरू झाला तो झालाच. शाळेत बाई तिला खिडकीशी बसवत, निदान अर्धं बोलणं तरी बाहेर जावं म्हणून. अशी ही पोर डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला पोचली आणि म्हणाली, मी मनाची डॉक्टर होणार.

आईने कपाळाला हात लावला. "मनाच्या डॉक्टरला ऐकावं लागतं म्हणे. तू कधी ऐकलंस कुणाचं?"

"तूच म्हणतेस ना, बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही."

"ते दुकानात गं! दवाखान्यात कोण माती घ्यायला येतंय?"

पण पोरीने बेत पक्का केला होता. बापाच्या कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरला, खडूने बारा चौकोन आखले, म्हणजे वर्षाचे बारा महिने. त्यातल्या सहांत लिहिलं ‘मन’. उरलेल्या सहांत पोट, हाडं, बाळंतपण, कान-नाक-घसा असं सगळं दाटीवाटीने कोंबलं. बाप चष्म्यावरून बघत होता. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून काही बोलला नाही.

आता ह्या बेताची एक मेख होती. पुढे मनाच्या शिक्षणाला जागा मिळवायची तर अर्जासोबत त्या विभागाच्या मोठ्या मॅडमची चिठ्ठी लागत होती. अर्ज महिनाअखेरीपर्यंत पोचला पाहिजे. चिठ्ठी नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर वर्ष फुकट. आणि मोठ्या मॅडमची रीत सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. गुण बघत नसत, की कुणाची ओळख बघत नसत. एका पेशंटपाशी आठ दिवस रोज अर्धा तास बसायचं, तो काय बोलला ते घरी जाऊन लिहायचं, आणि आठव्या दिवशी वही पुढे ठेवायची. बस्स.

भोंग्याला वाटलं, हे तर डाव्या हाताचा मळ!

तिच्या वाट्याला आले एक आजोबा. बत्तीस वर्षं एका शाळेत घंटा द्यायचं काम केलेले. निवृत्त झाले, आणि हळूहळू जेवण गेलं, झोप गेली, बोलणं गेलं. अंगात जुना करडा कोट, मधलं बटण गायब. दिवसभर खिडकीबाहेर बघत बसत. भोंग्याने आठ दिवस त्यांना सोडलं नाही. झोप लागते का, मुलं काय करतात, शाळा कशी होती. आजोबा गप्प बसले की उत्तरं हीच द्यायची. वही भरली, वर चार पानं जोडावी लागली.

मॅडमनी लाल पेन घेतलं आणि पानं उलटत गेल्या. सगळ्या वहीत मिळून दोनच ठिकाणी खूण केली. एका ठिकाणी आजोबा ‘हं’ म्हणाले होते, दुसरीकडे ‘पाणी’.

"बाळ, ही वही तुझी झाली," मॅडम म्हणाल्या. "आजोबा कुठं आहेत हिच्यात?"

भोंगा पहिल्यांदा गप्प झाली. वेळ बघा कशी निवडली!

"तीस तारखेला नऊ दिवस आहेत," मॅडमनी वही परत दिली. "पुन्हा जा. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, चांगल्या बोलक्या डॉक्टरांचीही गरज असते."

ते शेवटचं वाक्य तिला टाचणीसारखं टोचलं. घरी न जाता ती तडक बापाच्या दुकानात आली, कापडाच्या ढिगावर बसली आणि रडायला सुरुवात करणार तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. एक बाई, पोरीच्या शाळेचा गणवेश घेऊन. बापाने दातांत टाचण्या धरल्या आणि खाली बसून घेर उलटू लागला. बाई म्हणाली, दोन बोटं खाली सोडा. मग म्हणाली, पोरगी फार वाढली. मग म्हणाली, हल्ली माझ्याशी बोलतच नाही हो ती. आणि बोलता बोलता डोळे पुसून, हसून, हलकी होऊन निघून गेली. बाप एवढा वेळ काय म्हणाला? एकदा ‘अं’ आणि एकदा ‘अंहं’.

भोंगा बघतच राहिली. लहानपणापासून ती ह्या दुकानात वाढली, पण तिचंच बोलणं चालू असायचं, तेव्हा हे दिसणार कधी?

"बाबा, लोक तुम्हाला असं सगळं सांगतात?"

बापाने टाचण्या उशीत खोचल्या. "मला कुठं सांगतात? ह्या टाचण्यांना सांगतात. माझं तोंड बंद असतं म्हणून त्यांचं उघडतं."

"मग मलाही द्या चार टाचण्या."

"गिळशील! तुझा काय भरवसा?" त्याने डबा धुंडाळून कोटाचं एक मोठं बटण काढलं, खळखळून धुतलं. "हे धर गालात. हे गिळायचं म्हटलं तरी जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी भोंगा गालात बटण घेऊन आजोबांपाशी बसली. अर्धा तास! तो अर्धा तास तिला वर्षासारखा गेला. जीभ बटणाभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आजोबांनी मान वळवली.

"आज बोलत नाहीस?"

तिने मान हलवली.

"काल पण नाही बोललीस."

तिने पुन्हा मान हलवली. चौथ्या दिवशी आजोबा बराच वेळ तिच्या फुगलेल्या गालाकडे बघत राहिले.

"तोंडात काय आहे गं?"

आता काय करणार? तिने बटण काढून तळहातावर ठेवलं. आजोबांनी बटणाकडे पाहिलं, मग आपल्या कोटाच्या रिकाम्या काजाकडे पाहिलं.

"म्हणजे माझं बटण तू खाल्लंस होय!"

आणि हसले. पलीकडची नर्स हातातलं काम टाकून बघायला आली. हसता हसता आजोबा थांबले आणि म्हणाले, "मी घंटा दिली की सातशे पोरं उठायची. आता मी उठलो काय आणि नाही उठलो काय, कुणाचं अडतंय?"

भोंग्याच्या जिभेवर दहा उत्तरं आली. बटण तर हातातच होतं, तोंड मोकळं होतं. तरी ती गप्प राहिली. आजोबा बोलत गेले.

तीस तारखेला सकाळी मॅडमनी वही वाचली. ह्या खेपेला लाल खूण एकाच ठिकाणी, जिथे भोंगा बोलली होती. ‘उद्या येते,’ एवढंच.

"कसं जमवलंस?"

तिने बटण दाखवलं. मॅडम चष्मा काढून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "वॉर्डात तोंडात काही घालायचं नाही, कळलं? आता तुझ्या वर्षाचा बेत दाखव."

खाकी कागद उलगडला. मॅडमनी सहांतले चार ‘मन’ खोडले. "गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बिघडली तरी माणूस उदास होतो. ती तुला ओळखता आली नाही, तर मनाची औषधं देत बसशील. आधी सगळं शरीर शीक. मन कुठं पळून जात नाही." आणि चिठ्ठीवर सही केली.

संध्याकाळी बापाने तोच कागद टेबलावर ओढला आणि शेवटचे दोन चौकोन बोटाने पुसून टाकले.

"बाबा! ते काय केलंत?"

"शिवणीत थोडं कापड जास्त सोडावं लागतं. उद्या ताप आला, नापास झालीस, नाहीतर आणखी काही आवडलं, तर उसवून वाढवायचं कुठून?"

आई म्हणाली, "नापास कशाला म्हणता हो? जीभ चावा!"

अर्ज वेळेत पोचला. आठवड्याने भोंग्याने दुकानात एक करडा कोट आणला आणि मधलं बटण लावून द्या म्हणाली. बापाने तिच्याकडून तेच मोठं बटण घेतलं, पक्क्या दोऱ्याने लावलं, दोनदा ओढून पाहिलं. कोट कुणाचा, ते त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

बापाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिच्या तोंडात काहीच नव्हतं.