चहा थंड होईपर्यंत

आमच्या नार्वे गावातल्या घरात चवथीला मातीची मूर्ती येत नाही. कागदावर शाईने काढलेला गणपती पाटावर भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्याचीच पूजा करायची. तो घरातल्याच माणसाच्या हातचा लागतो. थोरला भाऊ गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी डिचोलीला खाणीच्या कचेरीत ड्राफ्ट्समन, जन्मभर नकाशे काढलेले. गणपतीलाही पट्टी आणि कंपास घेऊनच बसायचो. पोट कंपासने, कान मोजून, रेघ केसभरही इकडची तिकडे नाही. त्याची मला चांगलीच घमेंड होती.

खाण बंद पडली, मी घरी बसलो आणि वर्षभरात उजवा हात थरथरायला लागला. त्या चवथीला कंपासचं टोक घसरून कागद फाटला. दुसऱ्या कागदावर कसंबसं निभावलं. हे आता असंच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. सण उरकल्यावर मी बायकोला सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी बाजारातलं छापील चित्र आणू." पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोललीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत पाव देऊन गेला आणि चहाबरोबर माझ्यापुढे कोरी वही आणि शाईचं पेन आलं. पट्टी, पेन्सिल, खोडरबर तिने कपाटात घालून किल्ली कमरेला लावली होती.

"च्या थंड होयसर कायव काडा," ती म्हणाली. "पुसूचा मात्र नाय."

मी चिडलो. रागाने एक रेघ ओढली, ती गांडुळासारखी वळवळत गेली. पण वही रोज सकाळी येतच राहिली. काय काढायचं ते आधी ठरवायचं नाही, पेन टेकवायचं आणि हात नेईल तिकडे जायचं. कधी पोदेराची सायकल व्हायची, कधी फेरीबोट, कधी कशाचंच काही नाही. कप उचलायला आली की बायको पान बघायची आणि तोंडावर सांगायची. माझ्या कोंबडीला ती फणस म्हणाली. फेरीबोट बुडणार म्हणाली.

पावसाळ्यापर्यंत चार वह्या भरल्या. हात काही थांबला नाही, मीच त्याला आवरणं सोडलं. थरथर रेघेत उतरू लागली आणि ती रेघ मला आवडायला लागली. पोदेराचा भोंपू ऐकला की बोटं शिवशिवायची. इतकी वर्षं नोकरी केली, पण असं कधी झालं नव्हतं.

चवथीच्या आदल्या सकाळी आंघोळ करून पूजेचा गणपती काढायला बसलो. बायकोने चहा ठेवला आणि ती दारातच उभी राहिली. मी सोंडेपासून सुरुवात केली. सोंड थरथरत खाली आली, मोदकाशी वळली. पोट जरा एका बाजूला कललं, एक कान मोठा झाला. मान वर केली तेव्हा चहावर साय धरली होती. मला खरंच भीती वाटत होती. आता ही फणस म्हणाली, तर छापील चित्राशिवाय गत्यंतर नव्हतं.

ती जवळ आली, बराच वेळ बघत राहिली आणि पूजा दुसऱ्या दिवशी असूनही तिने हात जोडले.

"आदले सगळे तुमच्या हापिसातले दिसायचे," ती म्हणाली. "ह्यो आमच्या घरातलो."

मला रडू आलं. आमच्यात नवऱ्याने बायकोचे आभार मानायची पद्धत नाही. साय बाजूला करून मी तो थंड चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.