काकूंना दिसतील असे पट्टे

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका संध्याकाळी बाकावर बसून लोकरीचा गोल गालिचा विणायचे. आधी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रंगीत पेन्सिलींनी पट्टे आखायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "बघ गो, पोपटीनंतर काय लावू?" कुणी हसलं तरी टाके मोजत राहायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, निळ्याशेजारी जांभळा झकास दिसेल."

"तुका दिसात. काकूक दोन्ही एकच दिसतत."

काकूंची नजर अधू झाली होती. पलंगावरून उतरताना त्या एकदा पडल्या, तेव्हापासून पाय खाली टेकवायलाच घाबरायच्या.

गालिचा पूर्ण करून काकांनी तो पलंगाशी अंथरला तेव्हा मी त्यांच्या घरीच होते. काकूंनी वाकून पाहिलं. "छान झालो हो. पण संपता खंय?" गालिचा कुठे संपतो आणि फरशी कुठे सुरू होते, ते त्यांना कळत नव्हतं.

काकांनी कड हातात घेतली आणि शेवटच्या चार फेऱ्या तिथेच उसवल्या. आठवड्याची मेहनत होती. त्या जागी त्यांनी भडक पिवळी कड विणली.

परवा काकू पलंगावरून उतरून एकट्या त्यावर उभ्या राहिल्या. काका हात पुढे करून शेजारीच होते, पण त्यांनी काकूंना धरलं नाही.